डोंगरपायथ्याचं शैवाक, माथ्याचं शैवाक

(नभोवाणीवर दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

ज्यांच्या घरी गोडा मसाला होतो त्यांना दगडफूल वेगळं सांगायला नको. धणे, खोबरं, तीळ, दालचिनी, लवंग यांच्या जोडीला काळपट-राखाडी, कागदाच्या कपट्यांसारखं जे काही कढईत परततात, ते दगडफूल. कोरडं असताना त्याला फारसा वास येत नाही. तेलावर पडलं की घर दरवळतं. पण नावावर जाऊ नका. ते फूल तर नाहीच, आणि सगळं दगडावर उगवतं असंही नाही. बाजारात येणारं बरंचसं दगडफूल डोंगराळ भागातल्या झाडांच्या सालीवरून काढलेलं असतं. वनस्पतिशास्त्रात या जीवांना ‘शैवाक’ म्हणतात, इंग्रजीत लायकेन. आज मला बोलायचं आहे ते या शैवाकांबद्दल. त्यातही एकाच प्रश्नाबद्दल : तळपत्या उन्हात आणि गोठवणाऱ्या थंडीत, दोन्हीकडे राहायची ताकद त्यांच्यात येते कुठून?

आधी शैवाक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. ही एक वनस्पती नव्हे. हा दोन जिवांचा एकत्र संसार आहे. त्यातलं एक कवक, म्हणजे बुरशी. दुसरं शैवल, म्हणजे आपल्या ओल्या भिंतीवर हिरवा थर धरतं तशा कुळातला सूक्ष्म जीव. कवक घर बांधतं, दगडाला धरून बसतं, पाणी शोषून घेतं. शैवल सूर्यप्रकाशात साखर तयार करतं आणि त्यातला मोठा हिस्सा कवकाला मिळतो. १८६७ मध्ये स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी ही जोडी उघड केली, तेव्हा त्या काळच्या अनेक नामांकित मंडळींनी त्यांना वेड्यात काढलं. पुढे श्वेंडेनरच बरोबर ठरले. २०१६ मध्ये तर असं दिसून आलं, की अनेक शैवाकांच्या बाहेरच्या सालीत आणखी एक, यीस्टसारखं कवकही राहतं. म्हणजे संसार दोघांचा म्हणायचा, पण घरात माणसं त्याहून जास्त.

शैवाकांच्या चिवटपणाच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. अंटार्क्टिकाच्या उघड्या खडकांवर ती आहेत, वाळवंटात आहेत, आपल्या घाटातल्या कातळांवर आहेत. २००५ मध्ये दोन जातींची शैवाकं यानातून अवकाशात नेऊन जवळपास दोन आठवडे उघडी ठेवली होती. परत आणून पाणी दिल्यावर ती पूर्ववत जगू लागली. असं काही ऐकलं की वाटतं, या जीवांना हवामानाची कसली भीती?

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. शैवाकांचा हा चिवटपणा झोपेतला आहे. त्यांना मुळं नसतात, पाणी साठवायची सोय फार थोडी. हवा कोरडी झाली की शैवाक वाळतं आणि त्याचे सगळे व्यवहार जवळपास थांबतात. त्या अवस्थेत ऊन, थंडी, अतिनील किरण, सगळं ते सोसतं. दव पडलं, धुकं आलं, पावसाचा शिडकावा झाला, की काही मिनिटांत जागं होतं. आणि जागं झालं की जमाखर्च सुरू. शैवल साखर तयार करतं ही जमा. श्वसनात साखर जळते तो खर्च. तापमान वाढत गेलं की खर्च भराभर वाढतो, जमा मात्र एका मर्यादेनंतर वाढत नाही. उबदार रात्री शैवाक ओलं राहिलं तर उजेड नसल्याने जमा शून्य, आणि खर्चाचं मीटर चालू. असे दिवस वाढले की जगणं तोट्यात जातं. म्हणून झोपेत अवकाशही सोसणारा हा जीव जागेपणी मात्र आपल्या ठिकाणच्या हवामानाशी फार बारकाईने जुळलेला असावा लागतो.

हे जुळणं दोन प्रकारचं असू शकतं. आंब्याचं उदाहरण घेऊ. देवगडच्या हापूसचं कलम दुसऱ्या मुलखात नेऊन लावलं तर फळाची चव बदलते. झाडाचा वंश तोच. बदलली ती माती आणि हवा. पण हापूस आणि रायवळ एकाच बागेत शेजारी शेजारी लावले तरी त्यांची फळं वेगळीच राहतात, कारण फरक वंशातच आहे. मी महाविद्यालयात शिकवत असताना विद्यार्थी हाच प्रश्न शैवाकांबद्दल विचारत. एकच जात डोंगराच्या पायथ्याशीही दिसते आणि माथ्यावरही. मग माथ्यावरचं शैवाक हे फक्त थंडीला सरावलेलं आहे, की त्याचा वंशच थंडीचा आहे? डोळ्यांनी पाहून याचं उत्तर देता येत नाही. त्यासाठी डीएनए वाचावा लागतो, आणि ते मोठ्या प्रमाणावर करणं गेल्या पंधरा-वीस वर्षांतच शक्य झालं.

याचं एक चांगलं उदाहरण इटलीतलं आहे. इटलीच्या पश्चिमेला भूमध्य समुद्रात सार्डिनिया नावाचं बेट आहे. त्याच्या उत्तर भागात लिंबारा नावाचा ग्रॅनाइटचा डोंगर. उंची साधारण आपल्या महाबळेश्वराएवढी. पायथ्याशी भूमध्य प्रदेशातला रखरखीत, कोरडा उन्हाळा आणि सौम्य हिवाळा; माथ्याकडे थंडी, ओल आणि ढगांची सावली. या डोंगरावर खालपासून वरपर्यंत खडकांवर एक शैवाक सापडतं, अंबिलिकेरिया पुस्टुलाटा. तपकिरी-राखाडी, पापडावर फोड यावेत तसं फोडाफोडांचं. ते मधोमध एकाच देठाने खडकाला चिकटलेलं असतं, म्हणून लॅटिनमधल्या नाभीच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं. खालचं आणि वरचं शैवाक शेजारी ठेवलं तर दोन्ही एकाच जातीची म्हणूनच ओळखली जातात.

जर्मनीत फ्रँकफर्टच्या झेंकेनबर्ग संस्थेत तेव्हा काम करणारे फ्रान्चेस्को दाल ग्रांदे, इम्के श्मिट आणि त्यांचे सहकारी यांनी या डोंगरावर वेगवेगळ्या उंचीच्या सहा ठिकाणांहून शैवाकं गोळा केली. प्रत्येक ठिकाणच्या अनेक शैवाकांचा डीएनए एकत्र करून वाचला. ही युक्ती समजायला सोपी आहे. शंभर माणसांच्या खिशातली नाणी एका टोपलीत ओतली, तर कुणाच्या खिशात काय होतं ते कळणार नाही. पण कोणतं नाणं शेकडा किती आहे ते नेमकं कळेल. तशा सहा उंचीच्या सहा टोपल्या. मग त्या टोपल्यांची तुलना करायची.

डोंगर चढत जाऊ तसतसा टोपलीतला हिशेब हळूहळू बदलत जाईल, असं आपल्याला वाटेल. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष वेगळा होता. शैवाकातल्या कवकाचे स्पष्ट दोन गट निघाले. एक खालचा, एक वरचा. दोहोंच्या मधे संकराचा एक पट्टा, जिथे दोन्हींचा अंश मिसळलेला. आणि हा पट्टा बरोबर तिथे होता, जिथे भूमध्य प्रदेशाचं कोरडं हवामान संपून थंड, ओलसर हवामान सुरू होतं. जणू कवकांनी आपसांत सीमारेषा आखली होती, आणि ती हवामानाच्या सीमारेषेवर पडली होती.

केवळ फरक दिसला म्हणजे तो हवामानामुळेच, असं मात्र म्हणता येत नाही. दोन गटांचे पूर्वज वेगळे असतील, वेगळ्या काळात त्या डोंगरावर आले असतील, तरी डीएनए वेगळा दिसेल. म्हणून या शास्त्रज्ञांनी आकडेमोडीत पूर्वजांच्या वेगळेपणाचा भाग बाजूला काढला आणि उरलेल्यात पाहिलं, की कोणत्या जनुकांतले बदल ठिकाणच्या हवामानाशी मेळ खातात. अशी जनुकं मिळाली. त्यांत ताण सोसण्याशी संबंधित काही होती, परिस्थितीशी जुळवून घेण्याशी संबंधित काही होती, आणि लैंगिक प्रजोत्पादनाशी संबंधित काहीही होती. प्रयोगशाळेत वरच्या शैवाकांची शरीरक्रिया मोजली तेव्हा ती अधिक ओल आणि कमी उजेड यांना जुळलेली आढळली. प्रजोत्पादनाच्या जनुकांत फरक पडणं जास्त अर्थपूर्ण आहे. दोन गट कदाचित एका जातीच्या दोन जाती होण्याच्या वाटेवर असावेत, असं त्यावरून सूचित होतं. इतिहास आणि हवामान, दोघांचा हात त्यात आहे, हेही त्या शास्त्रज्ञांनी स्पष्ट म्हटलं आहे.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. थंडी लागली म्हणून कुठल्या शैवाकाने आपलं जनुक बदलून घेतलं, असं होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या डीएनएच्या नकला होताना त्यात आपोआप बारीकसारीक चुका होतात. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा घातक. एखादी मात्र त्या ठिकाणी उपयोगी पडते आणि जिच्याकडे ती असते ती पिढी जास्त टिकते. हवामान ही चाळणी आहे. माथ्यावरच्या चाळणीची भोकं वेगळी, पायथ्याच्या चाळणीची वेगळी. हजारो वर्षं चाळत राहिलं की खाली उरतं ते धान्य वेगळं दिसू लागतं.

त्या गटातल्या शास्त्रज्ञांनी पुढे आणखी एक मजेची गोष्ट तपासली. अनेक सजीवांच्या पेशीत दिवस-रात्रीचं भान ठेवणारं एक घड्याळ असतं, तसं कवकांतही असतं. पावावर येणाऱ्या नारिंगी बुरशीच्या जातीतल्या, न्यूरोस्पोरा नावाच्या कवकात हे घड्याळ चालवणारी जनुकं अनेक दशकांपासून माहीत आहेत. तशीच जनुकं शैवाकातल्या कवकात शोधली गेली. सार्डिनियातल्या जातीबरोबरच, कॅलिफोर्नियातल्या डोंगरांवरची तिची एक भावकीही घेतली. दोन खंड, दोन जाती, पण पायथ्यापासून माथ्यापर्यंतचं हवामान सारखं. दोन्हींमध्ये घड्याळाच्या आणि तापमानाला प्रतिसाद देणाऱ्या जनुकांतली विविधता त्या ठिकाणच्या तापमानाशी, विशेषतः हिवाळ्याच्या थंडीशी जोडलेली आढळली. विचार केला तर यात नवल नाही. शैवाकाला जागेपण मिळतं ते थोडा वेळ, बहुधा पहाटेच्या दवात. ते केव्हा येणार, गोठणारी वेळ केव्हा, हे आधीच ओळखणाऱ्याचा फायदा होणार. आपल्याकडचा शेतकरीही थंडीत दहिवराची वेळ ओळखून असतो.

आता संसारातल्या दुसऱ्या जोडीदाराकडे, म्हणजे शैवलाकडे वळू. कवकाला हवामान मानवत नसेल तर आणखी एक वाट असते : तिथल्या हवेला सरावलेलं शैवल जोडीला घ्यायचं. भूमध्य प्रदेशातल्या एका डोंगरउतारावर याच कुळातल्या दोन जाती तपासल्या, तेव्हा बहुतेक शैवाकांत एकाहून जास्त जातींची शैवलं निघाली. आणि कोणत्या उंचीवर कोणती शैवलं, यात नियमितपणा दिसला.

याचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो, हे सेट्रारिया अॅक्युलिएटा नावाच्या दुसऱ्या एका शैवाकाच्या अभ्यासात मोजलेलं आहे. हे शैवाक दोन्ही ध्रुवांजवळ सापडतं आणि युरोपातही. अंटार्क्टिका, उत्तर ध्रुवाजवळचं स्वालबार्ड, जर्मनी आणि स्पेन अशा चार ठिकाणचे नमुने घेतले. ध्रुवांकडच्या नमुन्यांतली शैवलं एका वंशाची, जर्मनी-स्पेनच्या नमुन्यांतली दुसऱ्या वंशाची. साखर तयार करण्याचं काम ध्रुवीय शैवाकांत सुमारे ११ अंश सेल्सिअसला सर्वांत चांगलं चालत होतं. जर्मनी आणि स्पेनच्या शैवाकांत १५ आणि १७ अंशांना. चार-सहा अंशांचा फरक आपल्याला किरकोळ वाटेल. ज्याला दिवसातून घटका-दोन घटकाच जागं राहायला मिळतं, त्याच्या जमाखर्चात तो मोठा असतो.

म्हणजे शैवाकाकडे हवामानाशी जुळवून घ्यायच्या तीन वाटा आहेत. पहिली, आपल्या आयुष्यात थोडंफार सरावणं. दुसरी, सोयीचा जोडीदार मिळवणं. तिसरी, पिढ्यान्‌पिढ्या वंश बदलणं. पहिली वाट झटपट, पण आखूड. दुसरी मधली. तिसरी लांबवर नेणारी, पण अतिशय संथ. कितीतरी शैवाकं वर्षाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी वाढतात. त्यांच्या पिढ्या उंदराच्या वा गव्हाच्या पिढ्यांसारख्या पटापट पालटत नाहीत. शिवाय अनेक जाती बीजुकांऐवजी आपल्या अंगाचे तुकडे सोडून पसरतात. त्या तुकड्यात कवक आणि शैवल दोघंही जातात. संसार सामानासकट दुसरीकडे हलतो खरा, पण नव्या जुळणीची संधी कमी होते.

पृथ्वी तापते आहे, हे आता नव्याने सांगायला नको. प्रश्न वेगाचा आहे. शिकागोच्या फील्ड म्युझियममधील मॅथ्यू नेल्सन आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ट्रेबॉक्सिया या शैवलाचा हिशेब मांडला. जगातल्या असंख्य शैवाकांच्या घरात हेच शैवल चूल पेटवतं. त्याच्या वंशावळीवरून त्यांनी पाहिलं, की लाखो-कोटी वर्षांत त्याची हवामानाची आवड किती वेगाने बदलत आली. निष्कर्ष असा, की येत्या काही दशकांत हवामान ज्या वेगाने बदलेल असा अंदाज आहे, त्याच्या जवळपासही तो वेग जात नाही.

प्रत्यक्षात काय घडतं आहे, याचंही एक उदाहरण आहे. अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानात, ज्या गवताळ भागावर गुरं कधी फारशी चरली नाहीत, तिथे जमिनीवरच्या शैवाकांची मोजणी १९६७ पासून होत आली आहे. हवेतला नायट्रोजन मातीत आणणाऱ्या शैवाकांनी तिथे पूर्वी शेकडा १९ पर्यंत जमीन व्यापलेली असे. २०१९ मध्ये ती सुमारे ५ वर आली. माणसाचा पाय न लागताही हे घडलं, आणि त्या भागातल्या वाढत्या उन्हाळ्याशी त्याचा मेळ बसतो. वाळवंटात ही शैवाकं मातीचा वरचा पापुद्रा धरून ठेवतात. ती गेली की वाऱ्याबरोबर माती जाते.

आता पुन्हा लिंबाराकडे पाहू. ऊन वाढलं तर पायथ्याचा वंश वर सरकेल. माथ्याच्या वंशाने कुठे जायचं? डोंगराला माथ्यावर आणखी माथा नसतो. तो वंश तिथून गेला, तरी पुस्तकातल्या यादीत अंबिलिकेरिया पुस्टुलाटा हे नाव तसंच राहील. तिला कुणी नामशेष म्हणणार नाही. पण थंडी सोसायची, धुक्यात जगायची, गोठणारी पहाट ओळखायची जी विद्या हजारो वर्षांच्या चाळणीतून तयार झाली, ती मात्र गेलेली असेल. जातीचं नाव टिकणं आणि जातीतलं वैविध्य टिकणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. या विषयातून मला सांगायची मुख्य गोष्ट हीच.

आपल्या सह्याद्रीला हे लागू आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातली शैवाकं वर्षानुवर्षं गोळा करून नोंदवली. तिथल्या आजरेकर कवकसंग्रहात ते नमुने आहेत. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतही देशभरातल्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे. कुठल्या ठिकाणी, कोणत्या साली काय होतं, याचा तो जमाबंदीचा दप्तरखाना आहे. यापुढे त्या यादीला डीएनएची जोड द्यायला हवी, आणि एकाच जातीचे नमुने कोकणातल्या सड्यावरून, घाटमाथ्यावरून आणि देशावरच्या टेकड्यांवरून वेगवेगळे घ्यायला हवेत. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई. तेही १,६४६ मीटरांवर संपतं. वर सरकायला जागा आपल्याकडेही फारशी नाही.

सामान्य माणसाने यात काय करायचं? गोडा मसाला सोडा, असं मी मुळीच सांगणार नाही. दगडफूल गोळा करण्यावर डोंगरातल्या कितीतरी कुटुंबांची चूल पेटते. पण एका झाडावरचं सगळं खरवडून न घेता थोडं मागे ठेवलं, एका रानात वर्षाआड गेलं, तर त्या ठिकाणचा वंश टिकतो. ‘इथलं संपलं तर काय झालं, तीच जात पलीकडच्या डोंगरावर आहे’ हा हिशेब मात्र चुकीचा आहे. पलीकडच्या डोंगरावर तीच जात असेल. तोच वंश असेलच असं नाही. जुने वृक्ष तोडताना, पठारावरचा कातळ फोडताना, किल्ल्याच्या भिंती घासून स्वच्छ करतानाही हे लक्षात असावं.

आणि पावसाळ्यात घाटात जाल तेव्हा धबधब्याकडून नजर जरा बाजूच्या खडकाकडे वळवा. राखाडी, हिरवट, पिवळे डाग दिसतील. पाण्याचे चार थेंब कोरड्या डागावर टाकून दोन-तीन मिनिटं थांबा. रंग उजळतो, पापुद्रा मऊ पडतो. मुलांना हे जरूर दाखवा. फक्त नखाने खरवडू देऊ नका. तो नखाएवढा डाग मुलांच्या वयापेक्षा मोठा असण्याचा संभव आहे.